परळच्या इस्पितळात भेटलेली मलावीची एस्तर

खरं सांगते, तेव्हा माझा देवीवरचा विश्वास पार डळमळला होता. सून सुषमा पोटुशी, आणि तपासणीत तिच्या रक्तात एचआयव्ही निघाला. माझ्या मुलाच्याही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी रोज न चुकता घेतली तर बाळाला लागण टळू शकते. पण आमची डिलाईल रोडची एक खोली, त्यात डोहाळजेवणाला गावाहून बायका उतरलेल्या. सुषमाला गोळी घ्यायला आडोसाच मिळेना. "मोरीत जाऊन घे गो," मी हळूच म्हटलं. "आई, मोरीत काकी लुगडं धुतायत, आणि बाहेरून मावशी विचारतायत, चोरून काय खातेस गो?" अशा गोळ्या चुकत गेल्या.

परळच्या इस्पितळात डॉक्टरीणबाई रागावल्या. बाहेर येऊन बसले आणि मनात म्हटलं, आई गावदेवी, माझी अक्कल संपली. आता तूच कुणाला तरी पाठव.

शेजारी एक उंच, तुकतुकीत काळी बाई बसली होती, डोक्याला पिवळं फडकं. भावाच्या उपचारासाठी आफ्रिकेतल्या मलावी देशातून आलेली. तिने पिशवीतून बाटली काढली आणि सगळ्यांदेखत गोळी गिळली. सुषमाने माझा हात घट्ट धरला. "आई, हीच माझी गोळी!"

सुषमाला इंग्रजी येतं. दोघी बोलत बसल्या, मला मधेमधे सांगत. एस्तर तिचं नाव. तिच्या देशात म्हणे हे सगळं सोसलेली आईच दवाखान्यात नव्या पोटुशीजवळ बसते, समजावते, नवऱ्यालाही तपासणीला आणायला लावते. एस्तरची स्वतःची मुलगी निरोगी आहे, शाळेत जाते. बाटलीवर लिहिलेलं, गोळ्या भारतातच बनलेल्या. आपल्याकडून समुद्रापार गेल्या नि तिच्या हातून आमच्यापुढे आल्या!

"घरात कोण कोण आहे?" एस्तरने विचारलं.

"सध्या नुसत्या बायका. पुरुष शेजारी झोपायला जातात," सुषमा म्हणाली.

ती हसली. "मग अडचण कसली? बायकाच तर हव्यात."

घरी येऊन सुषमाने सगळ्यांसमोर गोळी घेतली आणि काय ते सांगून टाकलं. मग काकी म्हणाली, "माका वाटला, मी दिलेली साडी आवडली नाय म्हणान तोंड पाडलंस!" डोहाळजेवणात पहिली ओटी तिनेच भरली, आणि बाळंतपणापर्यंत रोज गावाहून तिचा फोन, "गोळी घेतलंस?"

नातीच्या सगळ्या तपासण्या झाल्या, शेवटचीसुद्धा. लागण नाही. एस्तर पुन्हा दिसली नाही. तिला देवीने पाठवलं की ती आपली आपण आली, यावर मी वाद घालत नाही. देवीपाशी मन मोकळं करणं मला सोपं होतं; एस्तरने आम्हाला माणसांपाशी मोकळं व्हायला लावलं, तेव्हा कुठे भार खरा उतरला.

आता सुषमा त्या इस्पितळात रडवेल्या नव्या पोरींजवळ जाऊन बसते. नात त्यांच्या पिशव्या उचकत असते. मी लांबून बघते, आणि माझे हात आपोआप जोडले जातात.