बगलफुटीचं औषध

साहेबानं माझं मनगट धरलं आणि हात कोपरापर्यंत बादलीत बुडवला. समोर औषधांचे व्यापारी उभे. निपाणीकडचे, गुजरातेतले. साहेब त्यांना म्हणाला, "बघा, दुधासारखं आहे. बाई, हसा जरा."

मी हसले.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतला कारखाना. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. तिथं तंबाखूच्या बगलफुटीवरचं औषध बनायचं. तंबाखूचा शेंडा खुडला की झाड चवताळल्यासारखं पानापानाच्या बगलेतून फुटवे काढतं. ते ठेवले तर पान पोसत नाही. निपाणीकडे आमच्या गावात माझी आई दुसऱ्यांच्या शेतात ते हातानं मोडायची. चिकानं तिची बोटं काळी पडायची, भाकरी कडू लागायची. मी लग्न होऊन डोंबिवलीला आले आणि त्याच फुटव्यांचं औषध डब्यांत भरायला लागले.

ते पाण्यात कालवायचं आणि खुडलेल्या शेंड्यावर पंपानं सोडायचं. दांड्यावरून ओघळत ते प्रत्येक बगलेत उतरतं. कोवळा फुटवा करपतो. हे दाखवायला साहेबानं कंपाउंडात कापलेल्या पिंपांमध्ये तंबाखू लावली होती. फवारायची मी, गावाकडची म्हणून. आणि फवारणी झाली की उरलेल्या पाण्यात हात माझा. शेतकऱ्याला औषधाची भीती वाटू नये म्हणून.

त्या दिवशी एका व्यापाऱ्यानं विचारलं, बाईंना हात धुवायला नको का. साहेब म्हणाला, "काही होत नाही हो. या लोकांची कातडीच जाड असते."

सगळे हसले. माझ्या मनगटाला लागलेली बोटं साहेबानं रुमालानं पुसली. मी ऑफिसच्या बेसिनकडे वळले तर मागून त्याचा आवाज आला, तिकडं नको, मागच्या नळावर जा. मागच्या नळाला पाणी नव्हतं. मी हात पदराला पुसले आणि पुन्हा डबे भरायला बसले.

संध्याकाळपासून हात भाजल्यासारखे झाले. मग सालं निघायला लागली. पीठ मळताना मीठ झोंबायचं. मुलीची वेणी घालायला बसले तर ती डोकं मागं घेऊन म्हणाली, आई, तुझा हात टोचतो. मी कंगवा तिच्या बापाकडे दिला आणि मोरीत जाऊन रडले. दुखत होतं म्हणून नाही. हसले होते म्हणून.

माझ्या शेजारी बसून डबे भरणारी रखमाबाई इथल्याच गावची, आगरी. तिनं माझे हात उलटेसुलटे करून पाहिले. म्हणाली, "तुजा हात काय त्याच्या बापाचा हाय?"

दुसऱ्या दिवशी मी पिंपातली झाडं पाहायला गेले. सगळे फुटवे काळे पडून लोंबत होते. मोठी पानं तशीच हिरवी. कोवळं तेवढं जाळणारं औषध. माझी कातडी जाड आहे, हे त्यानं कुठं पाहिलं होतं? त्याला ती जाड असायला हवी होती. कारण ती पातळ आहे म्हटलं तर त्याला हातमोजे आणावे लागले असते, नळाला पाणी द्यावं लागलं असतं, मला माणूस म्हणावं लागलं असतं. माझं डोकं त्या पिंपांपाशीच फिरलं.

पुढच्या खेपेला नवे व्यापारी आले. मी फवारलं. बादली पुढं आली. साहेबानं माझ्या मनगटाकडे हात नेला. मी हात मागं घेतला.

"साहेब, आधी तुम्ही घाला."

कुणी हसलं नाही. व्यापारी साहेबाच्या हाताकडे बघत राहिले. तो हात पँटच्या खिशात गेला. मग साहेब हळूच म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस.

नवरा रात्री उरलेले पैसे पुन्हा पुन्हा मोजत बसला. घरात खाणारी तोंडं होती, त्याचं काय चुकलं? तरी सकाळी मी गेले. आत नाही, गेटवर. आत जाणाऱ्या एकेका बाईला थांबवलं आणि माझे सोललेले हात दाखवले. सांगितलं, बादली पुढं आली तर आधी साहेबाचा हात आत जाऊ दे. वॉचमननं हाकललं, मी रस्त्यापलीकडे उभी राहिले.

पुढं ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये काम मिळालं. तिथंही साहेब होते. पहिल्याच दिवशी मी हातमोजे मागितले. नाहीत म्हणाले. मी मशीनला हात लावला नाही. कामावरून काढायचं तर काढा म्हटलं. अजूनही तेच म्हणते.