डॅशबोर्डवर दत्ता अजून हिरवाच आहे

दत्ता आज पहाटे गेला. आणि माझ्या कॉम्प्युटरवर तो अजून हिरवाच आहे.

हिरवा म्हणजे कॉलेजशी घट्ट जोडलेला माजी विद्यार्थी.

मी नांदेडला आमच्याच कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचं काम बघतो. मेसेज कोण वाचतं, कोण उत्तर देतं, मेळाव्याला कोण येतं, यावर सॉफ्टवेअर मार्क देतं. जे हिरवे, त्यांच्याकडे देणगी मागायला जायचं.

दत्ता माझा होस्टेलचा रूममेट, इस्लापूरचा. आमच्या प्रत्येक मेसेजला त्याचं एकच उत्तर.

"हाव."

सॉफ्टवेअरवाला बाहेरगावचा. त्याने विचारलं होतं, "सर, हाव म्हणजे लोभ ना? निगेटिव्ह धरू?"

अख्खं ऑफिस हसलं. "अरे बाबा, आमच्याकडं हाव म्हणजे हो!"

झालं. दत्ता सगळ्यांच्या वर.

गेल्या महिन्यात साहेब म्हणाले, नव्या लायब्ररीच्या देणगीसाठी ह्या पहिल्या नंबरच्या दत्तांना भेटून या. मी मेसेज टाकला, "घरी येऊ का?"

"हाव."

गेलो तर दत्ता खाटेवर. उजवी बाजू पूर्ण लुळी.

"दत्त्या, वळखलंस का बे?"
"हाव."
"दुखायलंय का कुठं?"
"हाव."
"मी कोण, सांग बरं?"
"हाव."

मी वळून त्याच्या बायकोकडे बघितलं.

सुनीतावहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, लकवा मारल्यापासून एवढाच शबुद राह्यलाय. तुमचा मेसेज आला की मी वाचून दावते. हे हाव म्हणतेत, मी तेच लिहून धाडते. कालेजचं नाव काढलं की लई खूश होतेत."

खूश होता की घाबरला होता? डोळे तर माझ्यावरच खिळलेले. त्याने मला ओळखलं की नाही, हे आता कधीच कळणार नाही.

लायब्ररीचा विषय मी काढलाच नाही. चहा कसाबसा गिळला आणि निघालो.

तेव्हापासून मला हिरव्या नावांची धास्ती बसलीय. स्क्रीनवर सगळे ठणठणीत दिसतात. खरे कसे आहेत, देव जाणे.

आज वहिनींचा फोन ठेवला आणि लगेच लातूरच्या मुजीबला लावला. आमच्या खोलीतला तिसरा. तोही हिरवा, वर्षभर नुसता अंगठा पाठवणारा.

रिंग वाजून बंद झाली. परत लावला. परत तेच.

शेवटी उचलला. "अबे दाळमिलमधी हाय, काहीच ऐकू येऊन नै राह्यलं! क्या हुआ? बोल की!"

तो ओरडत होता आणि मी नुसता रडून राहिलो होतो.

मुजीब निघालाय. मातीला आम्ही दोघं पोहोचतोय.

बाकीच्या बॅचवाल्यांनो, ह्या पोस्टला लाइक करू नका. फोन करा. शिव्या घाला, काहीही बोला, पण मला तुमच्या तोंडून चार वेगवेगळे शब्द ऐकू द्या. मला लई भीती वाटून राहिलीय.

दत्त्या, जड जिवानं तुला शेवटचा रामराम.