कच्चा राहिलेला भात

वैशाखरे गावाच्या पुढे दरीत आमचं गरम पाण्याचं कुंड आहे. फडक्यात तांदूळ बांधून उकळत्या उगमात सोडायचे, भात शिजला की मूठभर देवीला ठेवायचा आणि मगच खाली निवलेल्या पाण्यात अंघोळ करायची, अशी रीत. भात शिजला नाही, तर पाण्यात पाय घालायचा नाही. यंदा आत्याने पुरचुंडी वर काढली, तर तांदूळ कच्चेच. दुखरे गुडघे घेऊन ती वर्षभर याच अंघोळीची वाट बघत होती.

कुंडाच्या वरच्या अंगाला नवं रिसॉर्ट झालंय. तिथला वॉचमन फाटकातून म्हणाला, "थंडी जास्त आहे ना, मावशी." त्याला कुणी विचारलं होतं?

"थंडी काय यंदाच आली रे?" आत्या म्हणाली. "भात तर दरसाल शिजतो."

भिंतीपलीकडून वाफ येत होती, पाणी खेचणाऱ्या मोटारीचा आवाजही. आधी या रिसॉर्टवाल्यांनी जमिनी घेतल्या, आता जमिनीच्या पोटातली ऊबही पाइपात भरली! मी भांडायला तोंड उघडलं, तोवर आत्या ठिबकती पुरचुंडी घेऊन फाटकाशी पोचली होती.

"दार उघड. आमचं पानी तुमच्याकडं आलंय, तर भात तिथंच शिजवते. आन् शिजला, तर अंघोळ केल्याबिगर मी बाहेर येनार नाय."