मेंबरकी आणि बायची विहीर

जिल्हा परिषदेवर निवडून आले मी, आणि मेंबर झाला माझा नवरा. गट बायकांसाठी राखीव झाला म्हणून मला उभं केलं होतं. निकाल लागला त्याच संध्याकाळी शेणव्याच्या नाक्यावर सगळे त्याला 'मेंबर, मेंबर' करू लागले आणि मी झाले 'वहिनी'. फोन त्याला, हार त्याला, लग्नाच्या पत्रिकेत नाव त्याचं. शिव्या घालायच्या असल्या की मात्र लोक बरोबर मला शोधत यायचे. आता मुदत संपून प्रशासक येऊन बसला, माझी खुर्ची गेली, तरी नवरा आपला मेंबरच आहे. सुरुवातीला मी हसण्यावारी नेलं. आता हसू येत नाही.

मला काय करायचंय हे मला पहिल्या दिवसापासून पक्कं ठाऊक होतं. माझी थोरली बहीण, आम्ही तिला बाय म्हणतो, भातसानगरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका पाड्यावर दिलेली आहे. तिच्या परड्यात उभं राहिलं की खाली धरणाचं पाणी दिसतं. ते मुंबईला जातं. पाड्याच्या जुन्या विहिरीला होळीनंतर तळ लागतो, मग बायका ओहळात खड्डा उकरतात आणि झिरपेल तेवढं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरतात.

बायची सून मुरबाडकडची. लग्न दिवाळीनंतर झालं तेव्हा विहीर भरलेली होती, पोरीला काय कल्पना? उन्हाळा आला, ती ओहळात वाटी घेऊन बसली, आणि एका दुपारी हंडा अंगणात ठेवून माहेरी निघून गेली. भांडण नाही, तंटा नाही. विहिरीला पाणी आलं की येते, असं सासूला नीट सांगून गेली. बायनं तिला एका शब्दानं दोष दिला नाही. निवडून आल्यावर मी पेढे घेऊन गेले तेव्हा तिनं माझा हात धरला.

"गो, मला तुझ्याकडनं दुसरं काय नको. विहीर दे. माझी सून घरी येऊ दे."

झालं. हेच माझं धोरण. लोक विचारायचे, ताई, तुमच्या गटासाठी तुमचं काय व्हिजन आहे? माझं व्हिजन माझी बहीण होती, आणि तिच्यासारख्या वाटी घेऊन ओहळात बसणाऱ्या बाया. पण लोकांच्या मागण्या ऐकाल तर कपाळाला हात लावाल. देवळापुढं पेव्हर ब्लॉक हवेत. सभामंडप हवा. क्रिकेटच्या सामन्यांना चषक हवा, आणि तो शेजारच्या गावापेक्षा उंच हवा. ज्या गावात बायका पाण्यासाठी डोंगर उतरतात त्याच गावचे बाप्ये माझ्याकडं स्वागताची कमान मागायला यायचे. मी विचारायचे, स्वागत कोणाचं करणार, टँकरचं? त्यांना राग यायचा. येऊ दे.

पाण्याच्या समितीवर घ्या म्हणून मी हात जोडले. एक जुने सदस्य, माझ्या बापाच्या वयाचे, प्रेमानं समजवायला लागले की ताई, पाणी म्हणजे पाइप, पंप, ठेकेदार, तुम्ही कशाला त्यात पडता, तुम्ही महिला-बालकल्याण घ्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाणी डोक्यावरून आणायचं बाईनं आणि पाण्याच्या समितीवर बसायचं बाप्यानं! पण घेतली बालकल्याण. शिलाई मशिनी वाटल्या, सायकली वाटल्या. आणि ठाण्याला सभा असली की उठून उभी राहायचे आणि पाड्याच्या विहिरीचं विचारायचे. मागच्या बाकावरचे हसायचे, आली विहीरवाली. वरून उत्तर यायचं, नोंद घेतली आहे. इतक्या नोंदी घेतल्या, त्या ओतल्या असत्या तरी विहीर भरली असती.

शेवटी विहीर मंजूर झाली. भूजल खात्याचा माणूस आला, यंत्र लावून बघितलं आणि खालच्या अंगाला, बायच्या चुलतदिराच्या शेतात, चुन्याची खूण करून गेला. दिराला जागा द्यायला तयार करता करता माझ्या नाकीनऊ आले होते, पण दिली त्यानं.

आता आमच्याकडची रीत अशी की पाणाड्यानं बघितल्याशिवाय विहिरीला कुदळ लावत नाहीत. तळहातावर नारळ आडवा धरून तो अनवाणी फिरतो. नारळ जिथं उभा राहतो तिथं पाणी. पाड्यानं पाणाड्या आणला. नारळ उभा राहिला उंबराखाली, खूण केलेल्या जागेपासून पार वर. लगेच तिथल्या दगडाला शेंदूर लागला. मी सगळ्यांना बसवून सांगितलं, बाबांनो, मंजुरी खालच्या जागेची आहे, आधी ती होऊ दे, उंबराचं नंतर बघू. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडं मान डोलावणं म्हणजे ऐकून घेतलं, एवढंच. हे मला, तिथल्याच बाईला, कळायला हवं होतं की नाही?

त्यांनी जे केलं ते माझ्यावरच्या मायेनं केलं, म्हणून तर जास्त जळफळाट होतो. आपली मेंबरीण किती खेटे घालते, आपण तिचं काम हलकं करू, असा विचार करून सगळा पाडा मजुरी बुडवून उंबराखाली खणायला लागला. बायनं स्वतः मातीची घमेली वाहिली. आणि मुहूर्ताचा नारळ कोणी फोडला? मेंबरनं! मी ठाण्याला सभेत, आणि माझा नवरा टोपी घालून, कुदळ हातात घेऊन फोटोत. तो फोटो त्यानं तालुक्याच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर पाणीपुरवठ्याचा इंजिनियर होता.

इंजिनियरनं मला फोटो दाखवला. मंजुरी एका जागेची आणि काम सुरू दुसऱ्या जागी, असं त्याचं म्हणणं. आता नवा प्रस्ताव, नवी पाहणी. मी त्याच्याशी भांडले, हातापाया पडायचीच बाकी राहिले. त्यात मार्च गेला, पैसा परत गेला. उंबराखाली कमरेएवढ्या खड्ड्यात काळा कातळ लागला आणि खणणंही थांबलं. पाणी तिथं होतं की खाली, ते आजपर्यंत कोणालाच कळलेलं नाही.

घरी येऊन मी नवऱ्याला फाडून खाल्लं. तो म्हणाला, लोकांनी बोलावलं, मेंबरनं जायचं नाही का? मी म्हटलं, मेंबर मी आहे. त्यानं आणखी एक भाकरी वाढून घेतली. बायवर मात्र मला रागावता आलं नाही. तिच्या डोक्यावर चुंबळीचा वळ उठलेला मी बघितला होता.

मग मुदत संपली. तरी मी विहिरीसाठी जिल्हा परिषदेच्या ऑफिसात जात राहिले. आधी मला आत बसवून चहा द्यायचे, आता बाहेरच्या बाकावर बसवायला लागले. जिद्दीनं जात राहिले. बायला दर वेळी सांगायचे, होईल गं, होईल. ती म्हणायची, तू आहेस म्हटल्यावर होणारच.

पण बायच्या लेकाला धीर निघाला नाही. त्याला आसनगावजवळ गोदामात काम मिळालं, त्यानं तिथंच खोली घेतली. खोलीत नळ आहे. सून मुरबाडहून थेट तिकडं गेली, पाड्यावर आलीच नाही. बाय एकदा जाऊन बघून आली. पोरगी चांगली आहे म्हणाली, मोरीत पाणी सोडून भांडी घासते म्हणाली.

मागच्या महिन्यात ऑफिसातून कळलं, विहीर पुन्हा मंजूर झाली. खालच्या जागेची. मी नवऱ्याला न सांगता तडक पाडा गाठला. बाय अंगण झाडत होती. धापा टाकत मी तिला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"होऊ दे गो, चांगलं झालं. माझं काय, एकटीचं आता एका हंड्यात भागतंय."

मग ती चहाचं आधण ठेवायला उठली. मी तिला हाताला धरून खाली बसवलं आणि म्हटलं, चहा नको, घरून पिऊन आलेय. मी पिऊन आले नव्हते.