माझ्याकडं तर चालतंय

माझा स्वभाव तापट. घरून काम करायला लागल्यापासून तो आणखी वाढला, कारण नळदुर्गात बसून कितीही ओरडलं तरी ऑफिसात ऐकू जात नाही.

त्या आठवड्यात माझा सगळा राग मुरुम गावच्या एका सरांवर निघत होता. त्यांनी तिथं बरीच वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवला. तो बंद पडला आणि पंचेचाळिशीत ते आमच्या कंपनीत लागले. वयानं मोठे, पण कामात माझ्या हाताखाली. त्यांना कायम करायचं की नारळ द्यायचा, हे आमचे साहेब शुक्रवारी ठरवणार होते.

मी लिहिलेला बिल्ड, म्हणजे प्रोग्रॅम जोडून तपासणाऱ्या आज्ञांची यादी, त्यांच्या लॅपटॉपवर चालत नव्हता. प्रोग्रॅम तपासायला आधी कंटेनरमध्ये एक डेटाबेस सुरू होतो. कंटेनर म्हणजे लागणारं सगळं सामान भरलेली बंद पेटी. ती सुरू झाली की तिला दर वेळी नवा पोर्ट नंबर, म्हणजे आत शिरायच्या दाराचा नंबर, मिळतो, आणि तो सेटिंगमध्ये आपोआप यायला हवा. सरांकडं त्या जागी कोरंच.

"तुम्ही लिहिलंय तसंच केलंय मॅडम, पण नंबर येतच न्हाय."

"माझ्याकडं तर चालतंय, सर. तुम्ही नीट वाचत नाही."

हे मी तीन दिवस म्हणत राहिले. गुरुवारी तर भर मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर. ते "व्हय, बघतो" एवढंच बोलले.

पेटी नव्यानं उतरवायला नेट लागतं आणि आमच्याकडं त्याचा भरवसा नाही, म्हणून मी एक सवय लावून घेतली होती. डेटाबेसची पेटी एकदा सुरू केली की बंद करायचीच नाही, लॅपटॉपही नाही. तिचा नंबरही मीच कधीतरी हातानं, लॅपटॉप बंद होईपर्यंतच टिकेल असा, भरून ठेवलेला, आणि ते साफ विसरलेली. शुक्रवारी सकाळी लाईट गेली ती दुपारीच आली. तोवर लॅपटॉपनं मान टाकली होती. पुन्हा चालू करून बिल्ड लावला, तर माझ्याकडंही नंबरच्या जागी कोरं.

मग अर्ध्या तासात सापडलं. माझी सेटिंग कंटेनर सुरू व्हायच्या आधीच नंबर वाचत होती. जो नंबर अजून ठरलाच नाही तो मिळणार कुठून? लागेल तेव्हाच नंबर विचारायचा, एवढा बदल केला आणि बिल्ड सुरळीत झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांना फोन लावला तर ते म्हणाले, "अहो, सरांनी सकाळीच कळवलंय, चूक माझी आहे, मला हे जमत नाही म्हणून."

चूक माझी आहे, हे मी साहेबांना सांगितलं आणि संध्याकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं. साहेबांनी सरांना कायम केलं. मीटिंग संपल्यावर मी सरांना फोन करून माफी मागितली.

"माझं राहू द्या मॅडम," ते म्हणाले. "पण घरात सांगून बसलोय, आपल्याला हे काम येत न्हाय म्हणून. जरा तुम्हीच बोला."

फोन त्यांच्या पत्नीच्या हातात गेला.

"वहिनी, चूक माझी होती. सरांचं काम पहिल्यापासून बरोबर होतं."

त्या म्हणाल्या, "तीन दिस नीट जेवले न्हाईत ओ ते."