शेवटची बंडी

रविवार, जानेवारी १९५९. वणीच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकावर हजर: कापसानं भरलेल्या सव्वीस बंड्या, त्यांचे बैल, गाडीवान, चौकीदार आणि नंबरांची यादी घेऊन मी.

चर्चची घंटा झाली तशी चौथ्या बंडीवाल्यानं बैल सोडले, पटक्याला चिकटलेला कापूस झटकला, हौदावर पाय धुतले आणि तो प्रार्थनेला निघाला. रांग सोडली की नंबर जातो, या नियमाप्रमाणे मी त्याचा नंबर खोडला. परत आल्यावर त्यानं पुन्हा बैल जुंपले. बंडी सगळ्यांच्या मागे नेऊन लावली.

चौकीदार हसला, "काहून गा, तुह्या देवानं हाच आशीर्वाद देल्ला काय?"

"शेवटचा नंबर मीच घेतला. देवाच्या माथी कायले मारतं?"

मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "मीही ख्रिस्तीच आहे. मधे घेतो तुम्हाला."

त्यानं माझ्याकडे, मग माझ्या यादीकडे नीट पाहिलं. "नको, बाबूजी. माह्या मनानं गेलतो, माह्या मनानंच थांबीन. घंटा झाली तवा तुमाले कोनं अडवलं होतं?"

त्याची बंडी सोमवारी दुपारी रिकामी झाली. रविवारच्या सुट्टीचा अर्ज मी त्याच दिवशी लिहिला. माझ्या कामांच्या यादीत तो अजून पहिलाच आहे. मालकांच्या हातात द्यायचा राहिला आहे.