माझा बाबाचा आवाज
वाचनालयाचं दार उघडलं की एसीच्या गारव्याबरोबर पुस्तकांच्या प्लास्टिक कव्हरांचा वास येतो, आणि मला परदेशात, क्वीन्सटाउनमध्ये राहायचो तेव्हाची एक शनिवारची दुपार आठवते. तिथल्या वाचनालयात शाळकरी मुलांना ऑनलाइन साधनं हाताळून बघायला प्रोत्साहन देत. चौदा वर्षांची माझी लेक तिथे आवाज रेकॉर्ड करून त्याचे तुकडे जोडायला शिकली होती. मी पुस्तकं निवडत होते, तर तिने मला संगणकापाशी ओढत नेलं आणि माझ्या कानांवर हेडफोन चढवले. रेकॉर्डिंगमध्ये तिचे बाबा लहानपणी विहिरीत पोहायला कसे शिकले ते सांगत होते, मध्येच स्वतःच हसत होते. पण त्याआधी तिचं वाक्य होतं, “हा माझा बाबाचा आवाज आहे.” रविवारी इतरांच्या मुलांना मराठी शिकवणाऱ्या मला तेवढंच ऐकू आलं. “माझा बाबाचा? अगं, माझ्या बाबांचा! लोक हसतील मला.” शेजारची मुलं वळून बघू लागली. तिचे कान लाल झाले. “ओके लाह, आई, डिलीट करते,” असं तिथल्या मुलांच्या ढंगात म्हणून तिने ते सगळंच पुसलं. मी अडवलं नाही, उलट म्हणाले, “आधी लिहून काढ, मग रेकॉर्ड कर.” तिने पुन्हा कधी केलं नाही. यंदा तिचे बाबा गेले. तेराव्यानंतर तिने फोनवर हळूच विचारलं, “आई, तुझ्याकडे त्यांचं काही रेकॉर्डिंग असेल का गं?” कुठेच काही नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी म्हणाले, “शोधून बघते.”